ईथरचा हंगाम

यंदा थंडी उशिरा आली. धुळ्यात माझ्या खोलीखालच्या गल्लीत कोणीतरी कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर वांगी टाकली, धूर जिन्यातून वर आला, आणि मला भूक लागण्याऐवजी राग आला. बाकीच्या खानदेशाला या धुरानं भरीत आठवतं, कळण्याची भाकरी आठवते, कुणाच्या तरी शेतातली पंगत आठवते. मला तबस्सुम आठवते. आणि तबस्सुम आठवली की पोटात काहीतरी आंबट होतं. त्याला मी गेली दहा वर्षं ‘व्यवस्थेबद्दलची चीड’ म्हणत आले. चळवळीची पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला नावं ठेवायची सवय असते. पण घरी, स्वतःशी, स्पष्ट बोलायचं तर तो हेवा आहे.

तबस्सुम ही जळगावला एम.एस्सी.ला असतानाची माझी प्रयोगशाळेतली जोडीदार. एकाच टेबलावर दोघी, एकच बर्नर, एकच मोडका स्टँड. ती धुळ्याची. तिचे अब्बा भांड्यांना कल्हई करायचे. ती जळगावात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची. मी बोदवडची. रोज सकाळी पॅसेंजरनं यायचे, खिडकीशी बसून रासायनिक विक्रिया पाठ करत. गुण मला जास्त असायचे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळं याच्यावर उभं आहे.

आमच्या कॉलेजात ईथरचा हंगाम असायचा. हसू नका. ईथर नावाचा हा द्रव पस्तीस अंशांच्या आसपास उकळतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘खोलीच्या तापमानाला ठेवावे.’ कुणाच्या खोलीच्या? ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांच्या खोलीत बाहेर बर्फ पडत असेल. आमच्या खोलीत एप्रिलमध्ये बाटलीचं बूच काढलं की ईथर हसून निघून जायचं. पावसाळ्यात हवेतलं पाणी आत घुसायचं आणि विक्रिया मरायची. उरली दिवाळी ते संक्रांत. तेवढ्या दिवसांत, तेही सकाळी दहाच्या आत, आमच्या जिल्ह्यातल्या पोरांनी जे काय रसायनशास्त्र करायचं ते करून घ्यायचं. माझ्या पहिल्या पत्रकाचं शीर्षक याच्यावरच होतं आणि ते मला अजूनही आवडतं: ‘आमच्या खोलीचं तापमान कोण लिहिणार?’

आमचे प्रयोगशाळा सहायक नाना हा हंगाम हवामान खात्यापेक्षा चांगला ओळखायचे. डिसेंबरच्या एखाद्या सकाळी मफलर गुंडाळून दारात उभे असायचे. “आज थंडी चांगली शे,” म्हणायचे. “ईथर जागावर राही. उद्या सकायमा लवकर येवा.” मग दुसऱ्या दिवशी सातला आम्ही हजर. खिडक्यांच्या काचा गार, फरशी गार, नळाचं पाणी हाताला चावणारं. अशा सकाळी ती लांबोळकी, ओसाड खोली खरोखरची प्रयोगशाळा वाटायची.

त्या हंगामात एकच मोठी विक्रिया. मॅग्नेशियमचा धातू, त्यावर ब्रोमोबेंझीन, आणि दोघांना सांभाळायला कोरडं ईथर. जमलं तर धातू कार्बनला जाऊन धरतो. धातू आणि कार्बन यांच्यात एरवी नसलेलं नातं तयार होतं, आणि त्या नात्याच्या जोरावर पुढं हवं ते बांधता येतं. पाण्याचा एक थेंब सगळं मोडतो. जमल्याची खूण अशी की द्रव गढुळतो आणि खाली जाळ नसताना ईथर आपणहून उकळायला लागतं.

या खुणेनंच माझा घात केला. ऑक्टोबरात, थंडीची वाट न बघता, मी एकटीनं फ्लास्क लावला होता. सगळ्यांच्या आधी करून दाखवायचं होतं. दुपारचे बारा. फ्लास्कमध्ये बुडबुडे आले. मी पळत जाऊन अख्ख्या वर्गाला गोळा केलं, सुरू झालं म्हणून. पंधरा जण टेबलाभोवती. नाना चष्मा वर करून वाकले, फ्लास्कला बोट लावून बघितलं. द्रव नितळ होता, गढुळलेला नव्हताच.

“हाई तुनं नही शे बेटी,” ते म्हणाले. “हाई जळगावनं शे.”

उकळी विक्रियेची नव्हती, जळगावच्या उन्हाची होती. वर्ग हसला. तबस्सुम हसली नाही. तिनं माझा फ्लास्क उचलून सावलीत ठेवला. ती तेव्हा हसली असती तर बरं झालं असतं.

डिसेंबरात बाकी सगळ्यांचे फ्लास्क लागले आणि सगळ्यांचे फसले. मॅग्नेशियमची फीत जुनी होती, वर राखाडी पापुद्रा. मी आयोडीनचा खडा टाकला, हातांनी ऊब दिली, पुस्तकातले सगळे उपाय केले. विक्रियेची यंत्रणा, कोणता इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातो, मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. फ्लास्कला ते माहीत नव्हतं. शेवटी तळाशी तपकिरी डांबर.

तबस्सुमनं फ्लास्क लावलाच नाही. ती तास-दीड तास बाजूला बसून पॉलिश पेपरनं फीत घासत होती. इंच इंच, दोन्ही बाजूंनी.

“अगं, किती वेळ?” मी म्हटलं. “दहा वाजतील. ऊन येईल.”

“येऊ दे.”

“पुस्तकात कुठं लिहिलंय एवढं घासायचं?”

“पुस्तकात नाही. अब्बा म्हणतात, भांडं घासल्याबिगर कल्हई धरत नाही. लोकांना कल्हईची चमक दिसते, घासलेलं कुणी बघत नाही.” तिनं फीत उजेडाकडं धरली. ती चांदीसारखी पांढरी झाली होती. “हे पण धातूच आहे ना.”

मग तिनं फीत कातरून फ्लास्कमध्ये टाकली. पाच मिनिटांत द्रव दुधाळ झाला. बाहेर बारा अंश असतील, आणि ईथर उकळत होतं. जळगावचं काही देणं नव्हतं त्यात. त्या आठवड्याच्या शेवटी तिच्या चंबूत पांढरे स्फटिक होते. चौधरी सरांनी त्यातला कणभर घेऊन त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्लाचा थेंब सोडला आणि तो नारिंगी झाला, म्हणजे पदार्थ हवा तोच बनला होता. सर एरवी कशावरही ‘ठीक’ म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी आणखी एक कण घेतला आणि परत थेंब सोडून बघितला.

सरांच्या हातात त्या वर्षी एक गोष्ट होती. पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यातले दोन महिने काम करायला ते एका विद्यार्थ्याचं नाव सुचवणार होते. एकाचंच. तिथं गेलेलं पोरगं परत नुसतं ‘कॉलेजातलं’ राहत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सर तबस्सुमला म्हणाले, “एकदा आलं ते हवामानाचं. परत कर. दुसऱ्यांदा आलं की तुझं, मग चिठ्ठी देतो.” संक्रांतीनंतरचा बुधवार ठरला.

त्या बुधवारच्या आधीच्या शुक्रवारी विभागाचं भरीत होतं. दरवर्षी असायचं. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात काड्या पेटायच्या, नाना वांगी भाजायचे, लाकडी बडगीत मिरच्या-लसूण कुटला जायचा. त्याच अंगणातून आमच्या सिंकचं पाणी उघड्या गटारानं जायचं. उरलंसुरलं ईथर सिंकमध्ये ओतायची सगळ्यांनाच सवय होती. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत जाते, जाळ दिसला की धरते. हे आम्ही परीक्षेत लिहायचो. त्या शुक्रवारी, भरीत चालू असताना, माझा आणखी एक फसलेला फ्लास्क मी सिंकमध्ये रिकामा केला आणि बाटलीतलं उरलेलं ईथरही वर ओतलं. संताप होता हातात. गटारातून एक निळसर ज्वाळ पळत गेली. क्षणभरच. वांगी उडाली, नानांनी ओलं पोतं टाकलं, एका सरांची चप्पल जळाली. कुणाला काही झालं नाही. कुणी काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

शनिवार-रविवार मी पत्रक लिहिलं. ‘प्रयोगशाळा की स्मशान?’ खाली मागण्या: विषारी वाफा बाहेर ओढणारा पंख्याचा हूड बसवा, बंद गटार करा, आग विझवायचं साधन द्या, चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळा बंद ठेवा. सही ‘जागृत विद्यार्थी’. एकूण एक मागणी रास्त होती. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. खोटं लिहिलं असतं तर निदान माफी मागून सुटता आलं असतं. शेवटची मागणी लिहिताना माझ्या डोक्यात आग नव्हती, बुधवार होता.

सोमवारी पत्रक वाटलं. मंगळवारी प्रयोगशाळेला कुलूप. उघडलं तेव्हा मार्च लागला होता आणि ईथर बाटलीतच धुसफुसत होतं. त्या वर्षी आमच्या कॉलेजातून पुण्याला कुणीच गेलं नाही. मला तेच हवं होतं. तबस्सुम तो उन्हाळा धुळ्याला होती. तिला बघायला तीन घरं येऊन गेली, हे मला नंतर कळलं. नानांना मेमो मिळाला, जाळ त्यांनी लावला होता म्हणून. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात काळी ओळ. त्यावर मी आणखी एक पत्रक काढलं, नानांवरचा मेमो मागे घ्या. शीर्षक होतं, ‘खरा दोषी कोण?’ एवढी निगरगट्ट होते मी.

पुढच्या थंडीपर्यंत हूड बसला. तबस्सुमनं विक्रिया परत केली, एकदा नाही, तीनदा. चिठ्ठी मिळाली, पुणे मिळालं, तिथंच पीएच.डी. मग दोन वर्षं जर्मनी. यंदा हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत तिला स्वतःचा गट मिळाला. ती उत्प्रेरक बनवते. पॅलेडियमसारख्या दुर्मीळ धातूशिवाय जी औषधं बनत नाहीत, ती साध्या लोखंडानं बनवता येतील का, एवढा एकच प्रश्न घेऊन बसलेली आहे. लोखंडावर कार्बन-नायट्रोजनची एक पकड चढवायची, इतकी घट्ट की धातू गंजणार नाही आणि इतकी सैल की कामाला मोकळा राहील. एकदा तिनं मला फोनवरून तिची पेटी दाखवली. काचेची, आत नुसता आर्गॉन वायू, बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं. आत पाणी नाही, हवा नाही, एप्रिल नाही, जळगाव नाही. मी फोन ठेवला. एखाद्या बाईकडे दागिने आहेत, घर आहे, याचा हेवा मला कधी वाटला नाही. तिच्याकडे हंगाम नाही, याचा वाटतो.

तिचे शोधनिबंध मी वाचते. सगळे. निम्मं कळत नाही. शेवटचे तक्ते मात्र काळजीपूर्वक वाचते, कारण फसलेले प्रयोगही ती प्रामाणिकपणे त्यात देते. ‘विक्रिया झाली नाही’ अशा ओळी मी पेन्सिलनं मोजते. एका निबंधात अकरा सापडल्या. तो दिवस मला बरा गेला.

चळवळीत आल्यापासून सभांमध्ये मी एक वाक्य नेहमी वापरायचे: कार्यकर्ता हा उत्प्रेरक असतो, बदल घडवतो आणि स्वतः तसाच राहतो. टाळ्या पडायच्या. ते तिला एकदा कौतुकानं सांगितलं, तर म्हणाली, “कुणी सांगितलं? उत्प्रेरक मरतो. काही फेऱ्या मारतो, मग काळा पडतो, तळाशी बसतो. किती फेऱ्या मारून मेला ते आम्ही मोजतो. तेवढंच तर माझं काम आहे.” त्यानंतर मी ते वाक्य सोडलं. दुसरं अजून सापडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात ती आली होती. आमच्या कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं होतं. मी धुळ्याहून बसनं गेले, तिसऱ्या रांगेत बसले. तिनं लोखंडाबद्दल सांगितलं, अब्बांच्या कल्हईबद्दल सांगितलं, पोरं हसली, पोरींनी लिहून घेतलं. मग म्हणाली, “इथं आधी हूड नव्हता. एक पत्रक निघालं म्हणून तो आला. ते लिहिणारी इथंच बसली आहे.” आणि माझ्याकडं हात केला. सगळं सभागृह वळलं. मी उभी राहिले. हात जोडले. टाळ्या घेतल्या. हे लिहितानाही कान तापतात.

चहाच्या वेळी मी तिला मागच्या अंगणात नेलं. गटारावर आता फरश्या आहेत.

“ते पत्रक मी तुझ्यासाठी नव्हतं काढलं,” मी म्हटलं. “तुझ्याविरुद्ध काढलं होतं.”

“माहीत आहे.”

“तुझा प्रयोग बुधवारी होता.”

“आणि तू सोमवारी वाटलंस. कॅलेंडर मलाही बघता येतं, मनीषा.” ती चहा फुंकत होती. “तेव्हा खूप रडले. शिव्या पण दिल्या तुला, खालाच्या गच्चीवर. मग हूड आला. आता हूड तर खराच आहे ना. तो काय तुझ्या मनातलं बघून चालतो?”

“म्हणजे माफ केलंस.”

“मी असं कुठं म्हटलं? हूड चांगला आहे एवढं म्हटलं.”

मला वाटलं, आता होऊन जाऊ दे. “गटारातलं ईथर माझं होतं. मी ओतलं होतं.”

हे तिला माहीत नव्हतं. कप ओठापर्यंत नेलेला तिनं खाली घेतला.

“नानांना मेमो मिळाला होता त्याचा.”

“हो.”

“त्यांना सांगितलंस?”

“नाही. वरणगावला असतात आता. मुलाकडे.”

“मग मला काय सांगतेस,” ती म्हणाली. चिडून नाही, फ्लास्क सावलीत ठेवताना बोलली असती तशी. “माझं गेलं ते मी परत करून घेतलं. त्यांना कुठं परत करता येणार होतं?”

ती म्हणाली, “चल, निदान हूड बघू.”

हूड होता. आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले, काचेवर वर्षभराची धूळ. पुढच्या टेबलावर दोन पोरी नाकाला ओढणी लावून काहीतरी गाळत होत्या. तबस्सुमनं बटण दाबलं. काही नाही.

“किती दिवस झाले?” तिनं विचारलं.

“आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे, मॅडम,” एक पोरगी म्हणाली. “मोटर जळालीय म्हणतात.”

माझं डोकं फिरलं. हा राग मला ओळखीचा आहे, त्यात मला बरं वाटतं. तिथंच टेबलावर कागद ओढला आणि प्राचार्यांना निवेदन लिहायला घेतलं: विद्यार्थिनींच्या जिवाशी चाललेला हा अमानुष खेळ, प्रशासनाची निर्लज्ज उदासीनता, तीव्र आंदोलनाचा इशारा. तबस्सुम खांद्यावरून वाचत होती. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि खोडायला सुरुवात केली. अमानुष गेलं. निर्लज्ज गेलं. इशारा गेला. पान जवळजवळ रिकामं झालं, तेव्हा उरलं होतं, ‘हूडची मोटर बंद आहे. विद्यार्थिनी वाफा श्वासात घेत आहेत. मोटर बदलावी.’ खाली त्या दोन पोरींनी स्वतःच्या नावांनी सह्या केल्या. तिसरी तिनं केली. चौथी मी.

दहा वर्षं मी लिहितेय. अशी तीन वाक्यं मला लिहिता आली नाहीत, कारण माझ्या प्रत्येक वाक्यात मी असते, कडेला उभी, टाळ्यांची वाट बघत. ती त्या पानात कुठंच नव्हती. हेवा परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. लिहिण्यातही ती पुढं गेली.

माझी सही झाल्यावर तिनं पेन परत घेतलं. तिनं दुसरा कोरा कागद माझ्यापुढं सरकवला, पेन त्यावर ठेवलं, आणि त्या पोरी काय गाळतायत ते बघायला निघून गेली.

मी ‘आदरणीय नाना’ लिहिलं. ‘त्या काळची परिस्थिती’ लिहिलं, खोडलं. ‘तारुण्यातला आवेश’ लिहिलं, खोडलं. ‘आपल्या शिक्षणव्यवस्थेत’ लिहिलं, आणि ते तर फाडावंसं वाटलं. खोडून खोडून कागद काळा झाला, तेव्हा नवा घेतला आणि त्यावर लिहिलं:

नाना, त्या शुक्रवारी सिंकमध्ये ईथर मी ओतलं होतं. मेमो तुम्हाला मिळाला. तो माझा होता. मनीषा.

घडी घातली. तबस्सुमला दाखवली नाही. ती घेऊन बसस्थानकावर आले तेव्हा वरणगावची बस लागलेली होती.